कुंती तेव्हाच बोलली असती तर?

मैत्रिणींनो, एखादी दुःखान्त कादंबरी वाचून संपली की तुम्ही काय करता? बहुतेक जणी करतात तेच करत असाल. पदराने डोळे पुसायचे, पुस्तक उशाशी ठेवायचं आणि 'फार रडवलं बाई' असं म्हणत रात्रीच्या स्वयंपाकाला लागायचं. दुसऱ्या दिवशी शेजारणीने विचारलंच, तर 'मला पहिल्यापासूनच वाटत होतं, ह्याचं काही खरं नाही' एवढं सांगायचं. मग पुस्तक वाचनालयात परत जातं आणि विषय तिथेच संपतो.

माझं म्हणणं एवढंच, की विषय तिथे संपू देऊ नका. इतके दिवस जी माणसं आपल्या घरात वावरली, ज्यांच्यासाठी आपण दूध उतू जाऊ दिलं, त्यांना असं दारातून वाटेला लावू नये. पुस्तक मिटल्यावर आणखी एक दुपार त्याला द्यावी. 'मला वाटतच होतं' असं आपण म्हणतो, ते नेमकं कोणत्या पानावर वाटलं? का वाटलं? आणि जे वाटलं ते तसंच घडलं का? ह्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला बसलं, की कादंबरी दुसऱ्यांदा उघडते. आणि ह्या वेळी ती थोडी आपल्याबद्दलही बोलू लागते.

पोथी लावावी तशी कादंबरी

आमचं फुलसावंगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, महागाव तालुक्यातलं गाव. पैनगंगा ओलांडली की माहूर. शेतीभातीचा मुलूख, कापूस-सोयाबीनच्या हंगामावर घराघरातलं गणित. आमच्या गल्लीत पाच जणींची भिशी आहे. चातुर्मासात घरोघर पोथी लागते. तशी एकदा आम्ही कादंबरी लावली. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. प्रत एकच, तीही वाचनालयातून आणलेली. दुपारची भांडी झाली, की एकीच्या ओसरीवर जमायचं. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी तांदूळ निवडत, लसूण सोलत ऐकायचं.

आमच्यात सगळ्यांत मोठ्या त्या काकू. त्यांनी नातवंडंही संसाराला लागलेली पाहिली आहेत. एक वहिनी शाळेत शिकवतात. एक शिवणकाम करून घर चालवते. एक गल्लीतली नवी सून, लग्नाला वर्षही झालेलं नाही. आणि पाचवी मी.

वहिनींनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला. एक भाग वाचून झाला, की पुढे काय होईल ते प्रत्येकीने सांगायचं, आणि ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवायचं. काकू हसल्या. म्हणाल्या, "अवं, महाभारत काय नवं हाय का? कर्ण मरते, हे लेकरालेकराला ठावं हाय!"

खरंच आहे. कर्णाचं चाक रुतणार आणि अर्जुनाचा बाण सुटणार, हे न वाचताही सगळ्यांना माहीत. मग भाकीत करायचं ते कशाचं? पण वाचता वाचता लक्षात आलं, की शेवट माहीत असला तरी मन पुढचं सांगतच राहतं. 'आता हा उठून जाईल', 'आता ही खरं सांगेल', असं वाटतंच. शेवट ठाऊक असूनही वाटतं, म्हणजे हे भाकीत डोकं करत नाही. आपलं मन करतं. आपल्याला जे घडावंसं वाटतं ते ते सांगतं, आणि आपल्याला ज्याची भीती वाटते तेही.

एक गोष्ट, सहा तोंडं

ज्यांनी 'मृत्युंजय' वाचली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही कादंबरी १९६७ साली आली. सावंत मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याचे. पुस्तक आलं तेव्हा ते अजून तिशीही न गाठलेले तरुण लेखक होते. पुढे १९९४ साली भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार ह्या पुस्तकाला मिळाला. योगायोग असा, की महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही १९६७ सालचाच. विकत घ्यायला जड वाटणारी अशी जाडजूड पुस्तकं आमच्यासारख्या आडबाजूच्या गावांत आली ती बहुतेक वाचनालयांच्याच वाटेने.

कादंबरीचे भाग नऊ. आणि लेखक स्वतः गोष्ट सांगत नाही, पात्रंच बोलतात. कर्ण चार वेळा बोलतो. कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण हे एकेकदा. शेवटचा भाग श्रीकृष्णाचा, कारण तो सांगायला कर्ण उरलेला नसतो.

ह्यातली खुबी पाहा. पहिला भाग कर्णाचा. आपण कोण, अंगावर ही कवचकुंडलं कशी, शोणाच्या अंगावर ती का नाहीत, हे त्याला पडलेलं कोडं. लगेच दुसरा भाग कुंतीचा. म्हणजे कर्णाला जे पुढे कितीतरी उशिरा कळणार, ते वाचणारीला दुसऱ्या भागातच कळतं. तिथून पुढे आपण 'ज्याला माहीत आहे' अशा माणसाच्या जागी जाऊन बसतो. ओरडून सांगावंसं वाटतं, 'अरे, ती तुझी आई आहे!' पण पुस्तकात वाचणारीचा आवाज पोचत नाही.

वहीतली भाकितं

आता वहीतली पानं उघडते.

हस्तिनापुरात राजपुत्रांच्या कौशल्याची परीक्षा चालू आहे, असा तो प्रसंग आठवा. अर्जुनाला आव्हान द्यायला कर्ण रंगणात उतरतो. कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. कर्ण मान खाली घालतो. आणि तिकडे स्त्रियांच्या सज्जात बसलेली कुंती कवचकुंडलं पाहून आपल्या मुलाला ओळखते आणि बेशुद्ध पडते. महाभारतातला हा प्रसंग ठाऊक नाही अशी बाई विरळा. तरीही त्या दुपारी आमची नवी सून म्हणाली, "शुद्धीवर आली की ती सांगेल. आई आहे ती. किती वेळ गप्प बसेल?"

काकूंनी निवडलेले तांदूळ सुपात सारले. म्हणाल्या, "नाही सांगत. सांगून जाईन कुठं?"

वहीत दोघींचं लिहून ठेवलं आहे. एकीला वाटलं सांगेल, दुसरीला वाटलं नाही सांगणार. आता दोघींना कथा सारखीच माहीत होती. मग फरक कशाचा? फरक दोघींच्या वयाचा, दोघींनी घरात काय पाहिलं त्याचा. नव्या सुनेला अजून वाटतं, की खरं सांगितलं की माणसं ऐकतात. काकूंना माहीत आहे, की खरं सांगणारीला आधी उंबरठ्याबाहेर काढतात आणि मग विचार करतात.

तुमचंही असंच होतं की नाही पाहा. कादंबरीतली मुलगी सासरी दुःखात असली, तर 'ती माहेरी परत जाईल' असं तुम्हाला वाटतं, की 'माहेरचे घेणार नाहीत' असं? नवऱ्याचं व्यसन सुटेल असं वाटतं, की नाही? ह्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नसतात. ती तुमच्या स्वयंपाकघरात असतात. म्हणून भाकीत चुकलं की खट्टू होऊ नये. चुकलेल्या भाकितावरूनच कळतं, की आपण कुठे आशा धरून बसलो होतो.

शाप आणि 'पत्रिकेतच होतं'

भाकितांची आणखी एक जात आहे. ही वाचणारीची नव्हे, खुद्द कथेतली. कर्णाच्या गोष्टीत परशुरामाचा शाप येतो. ब्राह्मण म्हणवून घेऊन कर्णाने विद्या मिळवली. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपले असताना किड्याने मांडी पोखरली, तरी तो हलला नाही. इतकं सोसणारा ब्राह्मण नव्हे, हे गुरूंनी ओळखलं आणि ऐन वेळी विद्या आठवणार नाही असा शाप दिला. दुसरा शाप एका ब्राह्मणाचा, ऐन युद्धात रथाचं चाक भूमी गिळेल असा.

आमच्या भागात परशुराम परका नाही. माहूरच्या गडावरची रेणुकामाता म्हणजे त्याची आई. वडील जमदग्नींच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचा शिरच्छेद केला आणि मिळालेल्या वरातून तिला पुन्हा जिवंत करून घेतलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. माहूरला पुढची कथाही सांगतात. जमदग्नी गेल्यावर कावडीतून त्यांचा देह आणि आई असं घेऊन परशुराम माहूरला आला. इथे दत्तात्रेयांनी अंत्यविधी केला, रेणुका सती गेली. आईच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या लेकाला तिचं दर्शन होणार होतं, पण मागे वळून पाहायचं नव्हतं. त्याने उतावीळ होऊन पाहिलं. म्हणून जमिनीतून मुखच तेवढं वर आलं. आज गाभाऱ्यात आपण पाहतो तो तांदळा तो हाच.

त्या दिवशी वाचता वाचता शिवणकाम करणारी मैत्रीण थांबली. म्हणाली, "रेणुकामायला कोणी इचारलं का हो, तुले काय वाटलं म्हणून? नवऱ्यानं सांगितलं, लेकानं ऐकलं. तिचं काय?"

कोणी काही बोललं नाही. नवरात्रात गड चढताना हा प्रश्न आमच्यापैकी कोणीच कधी विचारला नव्हता. रेणुकेवरची आमची श्रद्धा ह्या प्रश्नाने उणी झाली नाही; उलट ती माय आणखी जवळची वाटू लागली.

तर शापाचं. शापामुळे कर्ण मेला असं आपण सहज म्हणून टाकतो. पण जरा वही घेऊन बसा. शाप वगळला तरी काय काय उरतं? जन्मताच त्याला पेटीत घालून नदीत सोडलं होतं. सूतपुत्र म्हणून पावलोपावली पाणउतारा झाला. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार हे सूर्याने आधी बजावलं होतं, तरी त्याने कवचकुंडलं कापून दिली. कुंतीला त्याने शब्द दिला, की तुझे पाच पुत्र पाचच राहतील. ह्यातलं काहीही शापाने झालेलं नाही. माणसांनी केलं, किंवा माणसांनी होऊ दिलं.

आपल्या घरात शाप नसतात, पण 'तिच्या पत्रिकेतच होतं', 'नशीबच तसं', 'ह्या घराला सुखच नाही' असं असतं. ही वाक्यं दुःखाच्या वेळी आधार देतात, हे मी नाकारत नाही. पण पुष्कळदा ती वाक्यं पुढचा प्रश्न विचारू देत नाहीत. नशिबाचं नाव घेतलं, की कोणाचं काय चुकलं हे बघायची गरजच उरत नाही.

कोणाला माहीत होतं?

शेवटचं पान वाचून झालं त्या दिवशी डोळे सगळ्यांचेच ओले होते. वहिनींनी खडू घेऊन ओसरीच्या फरशीवर एक प्रश्न लिहिला: 'कर्ण कोणाचा मुलगा, हे कोणाकोणाला माहीत होतं?'

आम्ही महाभारतातून आठवून आठवून नावं काढली. कुंतीला तर माहीत होतंच. पेटी तयार करताना तिच्याबरोबर असलेल्या दाईला माहीत होतं. सूर्याला माहीत होतं. श्रीकृष्णाला माहीत होतं. युद्धाआधी त्यानेच कर्णाला सांगितलं. भीष्मांनाही माहीत होतं. शरपंजरी पडल्यावर त्यांनी कर्णाला तसं सांगितलंही.

यादी पाहून आम्ही गप्प झालो. भीष्म पितामह, ज्यांचा शब्द अख्ख्या हस्तिनापुरात चालायचा, त्यांना माहीत होतं. आणि तरी आपण इतकी वर्षं दोष दिला तो एकट्या कुंतीला! 'कसली आई!' असं आपणच बायका म्हणत आलो. भीष्मांनी का सांगितलं नाही, असं किती जणींनी विचारलं?

आता कुंतीच्या पाटावर बसून पाहा. तिचं मूळचं नाव पृथा. शूरसेनाने आपली ही मुलगी कुंतिभोजाला देऊन टाकली. तिला कोणी विचारलं नाही. दुर्वास ऋषी घरी आले, त्यांची सेवा ह्या कोवळ्या मुलीवर सोपवली. त्यांनी मंत्र दिला. त्या मंत्राचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. ज्या वयात आपल्या मुली दहावी-बारावीच्या अभ्यासात असतात, त्या वयात तिने रात्रीच्या अंधारात मूल नदीत सोडलं. पुढे विधवा झाली, पाच मुलांना घेऊन दिराच्या दारी आली. तिने त्या रंगणात तोंड उघडलं असतं, तर त्या पाच मुलांचं काय झालं असतं, हा विचार तिच्या मनात आलाच असेल. तिचं गप्प बसणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण ते कुठून आलं हे कळल्यावर 'कसली आई' हा शब्द जिभेवर येत नाही.

आणि सगळ्यांवर कडी पाहा. युद्ध संपतं. मेलेल्यांना तिलांजली द्यायची वेळ येते, तेव्हा कुंती धर्मराजाला सांगते, 'कर्णालाही दे. तो तुझा थोरला भाऊ.' धर्मराज दुःखाने वेडा होतो आणि शाप देतो, की ह्यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही. जिने जन्मभर, पोटचा मुलगा समोर मरेपर्यंत, एक गुपित जपलं, तिच्यावरून शाप हा! 'बायकांच्या पोटात काही राहत नाही' असं अजून चारचौघांत हसून म्हणतात. त्या वेळी कुंतीची आठवण ठेवा.

ज्यांना भागच मिळाला नाही

कादंबरीत सहा जण बोलतात असं मी वर म्हटलं. पण न बोलणारे कोण, हेही मोजा. राधा बोलत नाही. नदीतून वाहत आलेलं पोर जिने छातीशी धरलं, जिच्या नावाने कर्णाला राधेय म्हणतात, तिला स्वतःचा भाग नाही. द्रौपदीलाही नाही. भर सभेत कर्ण तिच्याविषयी नको ते बोलला. 'मृत्युंजय' वाचताना आपण त्याला फार लवकर क्षमा करतो, कारण गोष्ट बव्हंशी तोच सांगत असतो. त्याची तगमग, त्याचा पश्चात्ताप आपण आतून ऐकतो. द्रौपदीचं आतलं आपल्याला ऐकू येत नाही.

ह्यावर आमच्यात चांगलंच भांडण झालं. नवी सून कर्णाच्या बाजूची, वहिनी द्रौपदीच्या. तेव्हा वहिनींनी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आणलं. तेही १९६७ सालचंच, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवलेलं. इरावतीबाई समाजशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी कुंती, गांधारी, द्रौपदी ह्यांना देव्हाऱ्यातून खाली आणून माणसं म्हणून समोर बसवलं. आणि कर्णाचीही भीड ठेवली नाही. एकच महाभारत, एकाच वर्षी आलेली दोन मराठी पुस्तकं, आणि कर्ण दोन वेगळे. दोन्ही एकापाठोपाठ वाचून पाहा. कोणत्या पुस्तकात कोणाला बोलू दिलं आहे, त्यावर आपला जीव कोणासाठी तुटतो ते ठरतं, हे तुमच्याच लक्षात येईल.

जुन्या काळातलं उदाहरण हवं असेल तर हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' घ्या. १८९० साली हरिभाऊंनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून ही कादंबरी क्रमशः आली. १८९३ साली पुस्तकरूपाने निघाली. आपल्या पणज्यांच्या काळातल्या वाचणाऱ्या बायका एकेका अंकाची वाट पाहत यमूचं पुढे काय होणार ह्याचे अंदाज बांधत असतील. सगळी गोष्ट यमूच सांगते, म्हणून आपण पूर्णपणे यमूच्या होतो. ते योग्यच आहे. त्या काळात तिच्यासारखीचं ऐकणारं कोणी नव्हतं. पण आज वाचताना यमूच्या घरातल्या इतर बायकांच्या जागीही एकदा बसून बघा. त्यांचीही लग्नं तशीच लहानपणी झाली होती. त्यांचंही कोणी लिहून घेतलं नाही.

आपल्या तालुक्यातली गोष्ट

तुम्ही म्हणाल, ही सगळी पुस्तकातली दुःखं. त्यांचं एवढं काय? आमची शिवणकाम करणारी मैत्रीणही हेच म्हणाली, पण उलट बाजूने. म्हणाली, "हे महाभारतातच होतं असं नाही हो. आपल्याकडं घराघरात आहे. माणूस सांगत नाही, आणि मग एक दिवस सगळंच संपते."

ती कशाबद्दल बोलत होती हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. आमच्याच महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे गाव. तिथले शेतकरी साहेबराव करपे, त्यांच्या पत्नी मालतीताई आणि चार मुलं ह्यांनी १९ मार्च १९८६ ला वर्ध्याजवळ पवनारला जीवन संपवलं. महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या आत्महत्येची पहिली जाहीर नोंद म्हणून हीच घटना सांगितली जाते. त्यांच्या आठवणीने १९ मार्चला अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. त्यानंतरच्या वर्षांत यवतमाळ जिल्ह्याचं नाव कशासाठी पेपरात येत राहिलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

ह्या दुःखामागे नापिकी आहे, कर्ज आहे, भाव न मिळणं आहे, सरकारी धोरणं आहेत. घरात बोललं असतं तर सगळं टळलं असतं, असं म्हणणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय होईल. ते मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न तरीही उरतो, तोच फरशीवरचा: कोणाला माहीत होतं, कधीपासून, आणि ते का बोलले नाहीत? घरधन्यावर कर्ज किती हे घरातल्या बाईला नंतर, घेणेकरी दारात आल्यावर कळतं, असं किती घरांत झालं आहे! तिला आधी सांगितलं नाही, कारण 'तिला उगाच घोर नको'. आणि तिलाही काही दिसत होतं, पण तिने विचारलं नाही, कारण 'त्यांना आणखी त्रास नको'. दोघंही मायेपोटीच गप्प.

आणि मागे राहिलेली बाई? तिचा भाग कोण लिहितं? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, ब्याण्णवावं. अध्यक्ष अरुणा ढेरे. नयनतारा सहगल ह्यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावरून मोठं वादळ उठलं. शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे ह्यांनी. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मुलांना घेऊन उभी राहिलेली ही अंगणवाडीत काम करणारी बाई. साहित्यिकांच्या त्या भरल्या मांडवात त्या उभ्या राहिल्या आणि आपल्यासारख्या एकट्या पडलेल्या बायांचं जगणं त्यांनी मांडलं. वाद काय झाला तो बाजूला ठेवू. ज्या बाईला कथेत एरवी एका ओळीपुरती जागा मिळते, तिला त्या दिवशी अख्खा भाग मिळाला. आम्ही 'मृत्युंजय'मधला वृषालीचा भाग वाचत होतो तेव्हा काकूंना वैशालीताईंचीच आठवण आली.

चार जणी मिळून वाचायचं असेल तर

तुमच्याकडेही अशी भिशी असेल, हळदीकुंकवाची मंडळी असतील. आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगते. सोयीच्या वाटतील त्या घ्या.

१. प्रत एकच असली तरी चालते. मोठ्याने वाचा. ऐकणारीचे हात मोकळे राहतात, आणि जिला अक्षर लागत नाही तीही सामील होते. आमच्या काकू चष्म्याशिवाय वाचू शकत नाहीत, पण सगळ्यांत नेमकं त्याच बोलतात.

२. प्रत्येक भागानंतर पुढचं भाकीत एका ओळीत लिहा. नाव आणि तारीख घाला. 'असं होईल' एवढंच लिहू नका. 'असं व्हावं असं वाटतं' की 'असं होईल अशी भीती वाटते', तेही लिहा. कादंबरी संपल्यावर ही पानं सलग वाचा.

३. 'इथे थांबलं असतं तर' अशी जागा दिसली, की त्या पानात कागदाची चिठ्ठी घाला. शेवटी सगळ्यांच्या चिठ्ठ्या कोणत्या पानांत आहेत ते बघा. आमच्या पाच जणींच्या चिठ्ठ्या चार वेगवेगळ्या जागी निघाल्या. नुसत्या त्या चार जागांवर दोन दुपारी गेल्या.

४. शेवटी प्रत्येकीने एका पात्राचा पाट घ्यावा आणि 'मी' म्हणून बोलावं. नियम एकच: जे पात्र आपल्याला सगळ्यांत नावडतं, त्याचाच पाट घ्यायचा. नव्या सुनेने कुंतीचा घेतला. वहिनींनी दुर्योधनाचा. भर सभेत अपमान झालेल्या माणसाला राज्य देणारा तो एकटाच होता. त्यात मैत्री किती आणि स्वार्थ किती, ह्यावर त्या अर्धा तास बोलल्या.

५. कोणी बोलता बोलता पुस्तकातून स्वतःच्या घरात शिरली, तर तिला थांबवू नका, आणि ते ओसरीबाहेर नेऊ नका. आणि तिच्या बोलण्यात कोणाच्या जिवाचा घोर दिसला, तर मात्र नुसतं ऐकून सोडू नका. घरातल्या मोठ्या माणसाशी, डॉक्टरांशी बोलायला तिच्याबरोबर जा.

शेवटच्या मुद्द्याचं एकच सांगते. कादंबरी संपल्यावर आठवड्याभराने नवी सून म्हणाली, तिने घरी नवऱ्याला विचारलं, 'आपल्यावर सोसायटीचं किती आहे?' आधी तो चिडला. मग जेवणं झाल्यावर त्याने पासबुक काढून तिच्यापुढे ठेवलं. आकडा लहान नव्हता. दोघांनी बसून तो कागदावर मांडला, यंदाचा कापूस किती, उसनवार किती, कोणाचं आधी द्यायचं. रात्री उशिरापर्यंत दिवा चालू होता म्हणे.

काकूंनी ऐकून घेतलं. मग वही मागवली, रंगणाच्या प्रसंगाखाली दोघींची भाकितं लिहिली होती ते पान काढायला लावलं, आणि तिच्या भाकितापुढे वहिनींकडून लिहून घेतलं: 'हिनं इचारलं.'

आता आमच्या ओसरीवर 'युगान्त' लावायचं ठरतं आहे. लसणाची टोपली तयार आहे. तुमच्याकडे कोणतं पुस्तक लागलं आहे, आणि पहिल्या भागानंतर वहीत काय लिहिलं, ते तुमच्या मैत्रिणींना जरूर सांगा.